नरसम्माच्या घरातला माग

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर हसायला म्हणून वाचतेय. आमच्या घरी बुद्धवंदना होते. उतारा, अंगारा, नवस यातलं काहीही वडिलांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलेय, हे माझं मलाच पटत नाहीये. पण राग जात नाही, म्हणून लिहिते. घाबरायला आलेल्यांनी दुसरा अनुभव उघडावा... यात घाबरण्यासारखं फारसं नाही, चिडण्यासारखं आहे.

मी सोलापूरची, समाजकार्यात एम.ए. मागच्या वर्षी एका बाहेरच्या संस्थेच्या सर्व्हेवर होते. गरीब कुटुंबाला नेमकी कोणती मदत दिली की ते सावरतं, यावर त्यांचं संशोधन होतं. आम्ही घरोघर जाऊन टॅबवर माहिती भरायची, आणि त्यातून निवडलेल्या घरातल्या एका मुलाचं किंवा मुलीचं पुढचं शिक्षण संस्था करणार होती. अट एकच – घरात कमाईचं साधन नको. म्हणजे माग, रिक्षा, दुकान असलं काही.

पूर्व भागातल्या एका बोळात नरसम्मा राहते. नवरा विणकर. घरातच मागच्या खोलीत त्याचा पॉवरलूम होता, त्यावर तो टॉवेल काढायचा. छातीच्या आजाराने तो गेला, माग भंगारात गेला आणि नरसम्मा बिड्या वळायला लागली. मुलगी लावण्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. निवड झाली नाही तर कॉलेज सोडून तिलाही आईशेजारी बिड्यांचं सूप घेऊन बसावं लागणार होतं.

मी गेले ती मे महिन्यातली दुपार होती. अख्ख्या भागाची लाइट गेलेली, बोळातले सगळे माग बंद. नरसम्मा मागच्या खोलीच्या लोटलेल्या दाराला पाठ टेकून, मांडीवर सूप घेऊन बसली होती. मी प्रश्न सुरू केले आणि त्या दारामागून आवाज यायला लागला... खटक-खटक, खटक-खटक. सोलापुरात वाढलेल्या माणसाला हा आवाज कसला ते सांगावं लागत नाही.

"मावशी, आत माग चालू आहे का?"

"न्हाय की. इकला तो."

"मग आवाज?"

तिने हातातल्या बिडीला दोरा बांधला, सरकून बसली आणि दार उघडलं. आवाज थांबला. खोली रिकामी होती. फरशीवर तेलाचे काळे डाग, मागाचे बोल्ट होते तिथे भोकं. समोर भिंत, आणि भिंतीपलीकडे नाला. तिने दार लोटलं तसा आवाज पुन्हा सुरू झाला. मी दाराला तळहात लावून पाहिला. दार थरथरत होतं.

"दुपारचं जेवून बसतेत ते," ती म्हणाली. "मदीच थांबतंय बगा, तवा धागा तुटलेला असतंय. जोडून परत चालू करतेत. आमाला सोबत वाटते."

तरी जे डोळ्यांनी पाहिलं तेच मी भरलं – माग नाही.

त्याच आठवड्यात माहिती तपासणाऱ्या सरांचा फोन आला. मुलाखतीच्या वेळी टॅब आपोआप रेकॉर्डिंग करतो. ते त्यांनी ऐकलं होतं.

"मॅडम, बाई म्हणतेय माग नाही, आणि आत माग धडधडतोय."

"सर, खोली रिकामी आहे. मी स्वतः पाहिली. शेजारचा आवाज असेल."

"पण तुम्हीच लिहिलंय, भागात लाइट नव्हती. म्हणजे यांच्याकडे इन्व्हर्टर असणार."

"इन्व्हर्टरवर पॉवरलूम चालत नाही सर."

"तो इन्व्हर्टरपण तुम्ही नोंदवला नाही," ते म्हणाले.

सर्व्हेवाले आले की लोक टीव्ही शेजारी नेऊन ठेवतात, मिक्सर पलंगाखाली ढकलतात, हे मलाही माहीत आहे. पण माग काय पिशवीत घालून लपवता येतो? आणि काय सांगणार होते मी, मेलेला माणूस विणतोय म्हणून? भूत बित काही नसतं म्हणणाऱ्या त्या ऑफिसने भुताचा माग मात्र बिनदिक्कत मालमत्तेत धरला. मी खूप भांडले. शेवटी सर म्हणाले, पुन्हा भेट ठेवतो, कुणीतरी न सांगता येईल. तेव्हा आवाज नसला तर बघू.

मी जाऊन नरसम्माला हे सांगितलं, लावण्याही घरीच होती. दारामागे तेव्हाही माग चालूच होता.

"आवाज नसला तर पोरीचं हुतंय का?"

"होईल मावशी," मी म्हणाले. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

तिने मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. मग हात पदराला पुसून उठली आणि दाराला तोंड लावून तेलुगूत काहीतरी बोलली. मला तेलुगू येत नाही. ती ओरडली नाही, रडली नाही. कामात गढलेल्या नवऱ्याला जेवायला बोलवावं तसं बोलली. माग थांबला. आम्ही तिघी तशाच उभ्या राहिलो, पण तो पुन्हा सुरू झाला नाही.

"अम्मा, कशाला सांगितलीस गं त्यांना," लावण्या म्हणाली आणि रडायला लागली.

पुन्हा भेटीला कुणीही आलं नाही. मी विचारलं तर ऑफिसकडून, आता डेटा फ्रीज झालाय, काही बदलता येणार नाही, एवढंच उत्तर मिळालं. अहवालाचा कार्यक्रम एका हॉटेलात झाला, जेवण उत्तम होतं. पडद्यावर "मालमत्ता लपवण्याची प्रवृत्ती" असं आलं आणि सर म्हणाले, एका घरात तर अख्खा पॉवरलूम लपवला होता. लोक हसले. मी उभी राहून म्हणाले, सर, तो लपवलेला नव्हता. "मग कुठे होता?" त्यांनी माइकवरून विचारलं. लोक पुन्हा हसले.

सरांनी पुरावा म्हणून पाठवलेला रेकॉर्डिंगचा तो तुकडा माझ्या फोनमध्ये आहे. वडिलांना ऐकवला. ते म्हणाले, माग आहे हा, त्यात काय? मी सगळी हकिकत सांगितल्यावर त्यांनी तो पुन्हा लावला आणि फोन कानाशी धरून शेवटपर्यंत ऐकला.

दिवाळीआधी त्या बोळात गेले होते. मायलेकी दोन सुपं घेऊन बसल्या होत्या. लावण्याची बोटं अजून सरावलेली नव्हती, पानं फाटत होती. मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं.

"तुमच्या सायबाला सांगा म्याडम, आवाज बंद हाय," नरसम्मा मान वर न करता म्हणाली. "कवाबी येऊन ऐकू दे त्यांना. मी रोज दुपारी कान लावून बसते. काय बी येत न्हाय."