चिखलात उतरलेली नवरी

धावड्याहून निरोप आला, वहिनी गेली. जालन्याच्या घरात मी भाजी निवडत बसले होते. भाजी तशीच राहिली. महिना होत आला, तरी तिचा विषय निघाला की मला रडू येण्याआधी हसू येतं. त्याला कारण तिचं लग्न.

तेव्हा निजामी अमल होता. धावड्याचं आमचं शेत ओढ्याकाठचं, जमीन रेताड. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, गुरांसाठी दोनदा तळं खोदलं आणि दोन्ही वेळा पाणी वाळूत मुरलं. गाव त्याला 'चाळणीवाला' म्हणू लागलं. पुढच्या खेपेला त्यानं तळाला चिकणमातीचं अस्तर द्यायचं ठरवलं. माती भिजवायची, तुडवायची आणि एक थर वाळायच्या आत दुसरा चढवायचा. वाळली की भेगा, आणि भेगांतून पाणी पसार. बाबांनी बजावलं होतं, यंदा पाणी टिकलं नाही तर सगळी गुरं आष्टीला मामाकडे धाडायची. दादाचा त्या गुरांवर फार जीव. आणि नेमकी या कामातच लग्नाची तिथी निघाली!

पिंपळगाव रेणुकाईला अक्षता पडल्या. वऱ्हाड परतलं ते तळ्यावरूनच. तुडवणारी माणसं सगळी लग्नाला आलेली, त्यामुळे माती उन्हानं तडकू लागली होती... दादानं मुंडावळ्यांसकट गाडीतून उडी मारली आणि तो तसाच उभा राहिला. पाठोपाठ नवरी उतरली.

"नुसते पाहून काय राह्यले? पाणी टाका जल्दी!" म्हणत ती लुगडं खोचून चिखलात.

आई ओरडली, "अगं, उंबरा वलांडला न्हाई अजून!"

"उंबरा कुठं पळून चालला का, आत्याबाई? माती चालली!"

मग काय, करवल्या उतरल्या, मी उतरले, गाड्यांचे बैल सोडून तेही त्यात फिरवले. आईनं मात्र सुनेशी अबोला धरला. पुढच्या होळीला गुरं त्याच तळ्यावर पाणी पीत होती. त्या दिवशी आईनं वहिनीची ओटी भरली.

शेवटचं मला भाच्यानं सांगितलं. भर उन्हाळ्यातली दुपार, वहिनी अंथरुणाला खिळलेली. तिनं विचारलं, "तळ्यात पाणी हाय?"

"हाय आई, पण खाली गेलंय."

"मंग कडा उघड्या पडल्या आसतील. जा, भिजव."

तिला अशी सोडून कसं जावं म्हणून तो घुटमळला.

"जा म्हणते ना... बिलकुल वाळू देऊ नको."

तो गेला. कडा भिजवून परतला, तोवर तिनं डोळे मिटले होते.