सदतीस मिनिटांची भरती

बंदराच्या कचेरीत भरती-ओहोटीचा तक्ता काढणाऱ्या बाईंना सगळे ताईच म्हणत, साहेबसुद्धा. अकरा वर्षं ताई रोज सकाळी संगणकावर एकच आज्ञा टाइप करत, निघालेला तक्ता छापत आणि जेट्टीच्या फळ्यावर लावत. तो बघून होड्या सुटत. त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा त्यातलीच एक लाँच चालवायचा. खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या दांड्यावरून जायचं तर पाण्याची वेळ चुकून चालत नाही.

निवृत्तीला चार दिवस उरले आणि त्यांच्या जागी बदलून आलेले गृहस्थ शेजारी बसले. त्यांनी आपल्या नावाने संगणक उघडला, तीच आज्ञा दिली आणि तक्त्यात दुपारची भरती ताईंच्या तक्त्यापेक्षा सदतीस मिनिटं आधी आली.

साहेबांनी डोळे बारीक केले. "ताई, आकडे हाताने तर बदलत नव्हता ना?"

अकरा वर्षांनी हे ऐकायला मिळालं. ताईंना ते फार लागलं. पण त्यांचा स्वभावच असा, की राग यायच्या आत कुतूहल येऊन बसतं. यंत्र एक, आज्ञा एक, मग उत्तरं दोन कशी?

दुसऱ्या दिवशी दोघं खुर्च्या जोडून बसले; साहेबही शेजारी येऊन बसले. गृहस्थांनी यंत्रालाच विचारलं, हा प्रोग्राम तू उचलतोस कुठून? तेव्हा एकाच नावाचे दोन प्रोग्राम निघाले.

"संगणक सगळीकडे शोधत बसत नाही," गृहस्थ म्हणाले. "त्याच्याकडे फोल्डरांची यादी असते, पाथ म्हणतात तिला. त्या क्रमाने बघतो आणि पहिला सापडेल तो चालवतो."

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखंच. पहिल्या खणात सापडेल तो चष्मा डोळ्यावर. मग तो माझा का असेना."

ताईंच्या यादीत पहिला होता त्यांचा स्वतःचा फोल्डर. नवा बंधारा झाल्यावर पाणी उशिरा चढू लागलं, तेव्हा आधीच्या साहेबांनी सुधारलेला प्रोग्राम तिथे ठेवला होता. ताईंकडे चालवून बघू, मग सगळ्यांना देऊ, असं ठरलं होतं. पण मध्येच ते आजारी पडले आणि गेले. बाकी सगळ्यांच्या वाट्याला बंधाऱ्याआधीचा प्रोग्राम राहिला.

शुक्रवारी ताई निवृत्त झाल्या की त्यांचं संगणकावरचं खातं फोल्डरासकट पुसलं जाणार होतं. पुढेही तक्ता रोज निघणार होता, छान छापलेला आणि सदतीस मिनिटं चुकलेला.

"जुना काढून टाकू या?" ताईंनी विचारलं.

"पुढच्या अपडेटला परत येईल." गृहस्थांनी सुधारलेला प्रोग्राम सगळ्यांसाठी असलेल्या फोल्डरात ठेवला आणि सर्वांच्या मूळ पाथमध्ये तो फोल्डर पहिला केला. आता त्यांच्याही नावाने भरती बरोबर निघाली. साहेब समाधानाने चहाला उठले.

"बसा जरा," ताई म्हणाल्या. "माझं खातं अजून जागेवर आहे. त्यातलं काही लागत नसेल कशावरून? आत्ताच पुसा आणि मग चालवा."

"ताई, अजून दोन दिवस आहेत तुमचे."

"म्हणून तर. शुक्रवारनंतर चुकलं तर सांगायला मी कुठे आहे इथे?"

गृहस्थांनी आधी सगळ्याची प्रत काढली, मग खातं पुसलं. आज्ञा दिली. यंत्राने नकार दिला: बंधाऱ्यामुळे वेळेत करायच्या दुरुस्तीची फाइल सापडत नाही. ती ताईंच्याच फोल्डरात होती. प्रतीतून काढून ती प्रोग्रामजवळ ठेवली आणि तिचा नवा पत्ता प्रोग्रामात लिहिला, तेव्हा कुठे तक्ता निघाला.

साहेब खाली बघत म्हणाले, "काल मी उगाच बोललो."

"विचारलंत ते बरंच झालं. नाहीतर मला तरी कुठे कळलं असतं?"

उरलेले दोन दिवस ताईंना यंत्रात शिरायला नावच नव्हतं. गुरुवारी दुपारी गृहस्थांनी छापलेला तक्ता घेऊन त्या जेट्टीवर उभ्या राहिल्या, घड्याळाकडे बघत. ठरल्या मिनिटाला पाणी खांबावरच्या लाल खुणेला लागलं, आणि बहिणीच्या नवऱ्याची लाँच दांड्यावरून सरळ निघून गेली. त्याने नेहमीसारखा हात केला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.