कागदावर नसलेल्या दोन लेकी

मंडळी, आज दुपारी अबू धाबीजवळच्या मुसफ्फ्यात आमच्या वेल्डर संतोषचा फॉर्म भरायला बसलो. त्याची कंपनी यंदापासून कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाला मदत देणार आहे. थोरल्या लेकीला नर्सिंगला जायचंय, म्हणून स्वारी खुशीत होती.

"काका, इंग्रजी तुमचं, चहा माझा!"

पण कंपनीच्या जुन्या नोंदीत मुलांच्या रकान्यात शून्य होतं.

"अरे, हे कोणी लिहिलं?"

"मीच. एजंट म्हणाला, मुलंबाळं दाखवलीस तर लवकर घेणार नाहीत. म्हटलं, इथे टॅक्स नाही, काही नाही, पोरांचं कोण विचारतंय?"

कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. जन्मदाखले पाठवा, दुरुस्ती होईल, पण मदत पुढच्या वर्षापासून, असं उत्तर आलं. आणि नर्सिंगच्या प्रवेशाची मुदत याच महिन्यात संपते.

तेवढ्यात लेकीचाच व्हिडिओ कॉल आला. "बाबा, झालं का काम?"

त्याने फोन माझ्याकडे वळवला. एवढा बोलका मी, "तुम्हा दोघींच्या जन्मदाखल्यांचे फोटो पाठव गं," एवढंच म्हणालो.

फोन ठेवल्यावर तो हळूच म्हणाला, "काका, पोरींसाठी म्हणून आलो, आणि येताना त्यांनाच खोडून आलो."

चहा तसाच गार झाला.

मंडळी, तुमच्या कागदांवर तुमची लेकरं आहेत ना? आजच बघाल का?