चकाचकच्या नव्या सायकली

आमच्या ह्यांना धुळीचं भारी वावडं. फर्निचरच्या दुकानात दिवसभर पॉलिशचं काम करतात, पण घरी आल्यावर तरी हात थांबावेत? छे! दाराची मूठ, कुकरचं झाकण, माझा चष्मा, जे समोर येईल ते पुसून लखलखीत. एकदा पाहुणे बसलेले असताना त्यांच्याच खुर्चीचा पाय पुसायला खाली वाकले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अशा माणसाला छंद कसला, तर डोंगरउतारावरून सायकल हाणायचा! दर रविवारी आठ-दहा जणांचं टोळकं टेकडीवर जमतं. त्यांचा एक रिवाज आहे. माथ्यावरून पायथ्यापर्यंत जो पाय न टेकता उतरेल, त्यालाच टोपणनाव मिळतं. मग खऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही. टोळक्यातला सगळ्यांत जुना गडी म्हणजे पोस्टमन. त्याचं नाव 'निवडुंग'. त्यानं पाय टेकला नव्हता हे खरं, पण पायथ्याला पोचल्यावर तो कशावर जाऊन बसला, ते सगळ्यांनी पाहिलंय. आमचे हे 'चकाचक'. आणि मी? वर्षभर ह्यांच्या जुन्या सायकलवर शिकले, गुडघे सोलवटून घेतले, तरी दर वेळी मधल्या वळणावर पाय टेकायचाच. म्हणून मी आपली 'मिसेस चकाचक'. असलं डोकं फिरायचं माझं! मला माझं स्वतःचं नाव हवं होतं, बस्स.

शेवटी आम्ही दोघांनी नव्या सायकली घेतल्या. जाड टायर, पुढे शॉकअप, डिस्क ब्रेक. ह्यांची निळी, माझी केशरी. शनिवारी संध्याकाळी हे फडकं घेऊन गॅलरीत सायकलींपाशी बसले, ते जेवायलाच उठले. सकाळी म्हणतात कसे, "चालवत न्यायच्या नाहीत. रस्त्याची घाण लागेल. आधी सगळ्यांना दाखवू, मग उतरू."

झालं! दुकानाचा टेम्पो आणला, सायकली जुन्या चादरींत गुंडाळल्या आणि मागच्या रस्त्यानं थेट माथ्यावर नेल्या. बाकीची मंडळी पायडल मारून घामाघूम झालेली.

"काय हो चकाचक, कपाट आणलंत की काय?" निवडुंगानं विचारलं.

ह्यांनी चादरी ओढल्या. मग जो तो वाकून वाकून बघायला लागला. कुणी शॉकअप दाबून पाहिला, कुणी टायरला चिमटे काढले. हे छाती फुगवून सांगत होते, "ती ब्रेकची डिस्क बघा. तिच्यात बघून भांग पाडा!" खरंच आरशासारखी चमकत होती. मीही मिरवून घेतलं, खोटं कशाला बोलू?

"बघून झालं असेल तर मी निघते," म्हटलं आणि सायकल उतारावर घातली.

वळण आलं तसा ब्रेक दाबला. सायकल नुसती किंचाळली. वेग तसाच.

"अहो! ब्रेक लागत नाहीयेत!"

वरून ह्यांचा आवाज आला, "अरे देवा! डिस्कलाही पॉलिश लावलं मी! तेलकट झाली असणार ती!"

आता सांगून काय उपयोग? मनातल्या मनात ह्यांना लाखोली वाहिली. त्या वेगात पाय टेकला असता तर तोंडावरच आपटले असते. हँडल गच्च धरलं, अंग मागे टाकलं आणि वळण घेतलं. कसं घेतलं ते विचारू नका. तोंडानं देवाचा धावा चालला होता आणि तरी हसू फुटत होतं. पायथ्याच्या पुढे समोर छोटा चढ आहे. त्यावर सायकल आपसूक दमली आणि आम्ही दोघी गवतात आडव्या झालो.

मागे बघते तर हे उतारावरून पळत येतायत, पायी! एक बूट कुठेतरी राहिलेला. आणि निळी सायकल? वर दगडांत पडलेली. जिच्यावर माशी बसू दिली नव्हती, ती ह्यांनी धाडकन फेकून दिली होती.

"लागलं का गं? कुठं लागलं?" हे माझे खांदे, कोपरं चाचपत होते. "चूक माझी. सगळी माझी."

मी चांगली खरडपट्टी काढणार होते, पण ह्यांचे भरलेले डोळे बघून ह्यांनाच शेजारी गवतात बसवलं.

तेवढ्यात निवडुंग आणि बाकीचे धापा टाकत पोचले. मी धड आहे हे पाहून निवडुंगानं एवढंच विचारलं, "पायथ्यापर्यंत पाय टेकला?"

"नाही."

"मग आजपासून 'बिनब्रेक'!"

सगळ्यांनी असा काही गलका केला म्हणता! मी तिथंच गवतात बसून रडले आणि हसलेही.

ब्रेकचे पॅड बदलले, डिस्क स्वच्छ धुऊन काढल्या. निळ्या सायकलच्या दांडीवर मात्र लांबलचक ओरखडा राहिलाय. घरात एक डाग टिकू न देणारा हा माणूस त्याला हात लावत नाही. एकदा मीच म्हटलं, "अहो, तेवढा घासून काढा की."

"राहू दे गं, बिनब्रेक," हे म्हणाले आणि माझा चष्मा पुसायला घेतला.