चमेलीला मी पसंत नव्हते

मुलांनो, तुमच्या आजोबांच्या आयुष्यात माझ्याखेरीज आणखी एक जण आहे आणि ती आमच्याच गोठ्यात राहते.

तिचं नाव चमेली. तांबूस रंग, लांब मान, कपाळावर पांढरा ठिपका आणि चार पाय. (हा शेवटचा तपशील आधी सांगायला हवा होता. नाहीतर तुमच्या आईचा लगेच फोन यायचा.)

रोज सकाळी आजोबा खिशात भिजवलेले हरभरे घेऊन गोठ्यात जातात आणि विचारतात, "काय वो माय, झोप झाली का बरोबर?" माझ्या वाट्याला सकाळचं पहिलं वाक्य येतं ते असं: "माहा चष्मा कुठं ठेवला?" मी जळत नव्हते. मी फक्त मोजत होते, एवढंच. चमेलीची आयाळ रोज विंचरली जायची. माझ्या नव्या चष्म्याची फ्रेम त्यांना दिसायला मात्र दिवाळी यावी लागली.

बरं, मी मैत्री करायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण माझी अडचण तुम्हाला ठाऊक आहे. उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे माझा आवाज असा झालाय की मी दुकानात साखर मागितली तरी शेजारचं गिऱ्हाईक सरळ उभं राहतं. ढाणकीच्या बाजारापासून आमच्या गावापर्यंत सगळे मला 'मास्तरीणबाई'च म्हणतात. तेव्हा मी ठरवलं, घोडीसमोर मास्तरीण व्हायचं नाही. मी गोठ्यात जाऊन लाडात म्हणाले, "चमेलीबाळा, शोनुल्या." चमेलीने शांतपणे माझ्याकडे पाठ केली. एवढी मोठी पाठ माझ्याकडे आजवर कुणी केली नव्हती.

आणि मग आजोबा पडले. घोडीवरून नव्हे, बाथरूममध्ये. पाय प्लास्टरमध्ये गेला, आजोबा खाटेवर आणि चमेली उपोषणाला बसली. मी हरभरे पुढे धरले की ती माझ्या खांद्यावरून मागे बघायची, 'खरा माणूस कुठंय?' अशा नजरेने.

उमरखेडचे सलीमभाई लग्नाच्या वरातींना घोड्या देतात. ते येऊन तिला बघून गेले. म्हणाले, "भाभी, जनावर असं उपाशी राह्यलं तं हातचं जाईन. रविवारी मी तिले घेऊन जातो. माह्याकडं चार घोड्या हायेत, त्यायच्या संगतीनं खाईन तरी."

आता खरं तर मी सलीमभाईंना जेवू घालूनच पाठवायला हवं होतं. अर्धा कप चहा संपेपर्यंत मी अगदी आनंदात होते. मग आजोबांकडे पाहिलं. ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ने बाबा. जगली पायजे ती." त्या दिवशी त्यांनी भाकरी तशीच ठेवली. मी बहिणीच्या आजारपणासाठी महिनाभर पुण्याला गेले होते, तेव्हा याच माणसाचं वजन वाढलं होतं!

पण ते भिंतीकडे वळलेलं तोंड मला काही बघवेना. रविवारच्या आत चमेलीने खायला हवं होतं. आणि तेही माझ्या हातचं.

"तुह्याच्यानं नाही होणार," आजोबा म्हणाले.

"का नाही? हरभरे तेच आहेत."

"हरभरे तेच हाय. तू तीच नसते. तिच्यापाशी गेली का तू दुसरीच कोणी होऊन जाते. जनावराले समजते ते."

"मग तुम्ही काय होऊन जाता?"

"मी कायले काय होऊ? मी जाडा, टकला, खर्रा खाणारा माणूस. तसाच जातो."

यातून शहाण्या बाईने योग्य तो बोध घेतला असता. मी घेतला तो असा: चमेलीला जाडा, टकला, खर्रा खाणारा माणूस हवाय ना? मग तिला तोच मिळेल.

आजोबा दुपारी झोपल्यावर मी त्यांचा पायजमा चढवला, वर सदरा, त्यावर त्यांचा जुना कोट, खिशात हरभरे. पोटाशी उशी बांधली. अंबाडा टोपीखाली कोंबला. तंबाखू-सुपारीच्या ज्या खर्ऱ्याच्या पुड्या मी आयुष्यभर घराबाहेर फेकल्या, त्यातलीच एक शोधून कोटाला चोळली. वासाने मला चक्कर आली, पण वास हुबेहूब होता. गोठ्यात शिरून मी आवाज जाड केला, "काय वो माय, झोप झाली का?"

चमेलीने कान टवकारले. ती आनंदाने फुरफुरली, कोट हुंगला. मी मनात विजयाची पताका लावते न लावते तोच तिने मान वर करून माझा चेहरा पाहिला. मुलांनो, परीक्षेत कॉपी पकडताना मी मुलांकडे अगदी अस्सं बघायचे. मग तिने माझ्या डोक्यावरची टोपी दातात धरली आणि उघड्या दारातून थेट सडकेवर.

मी मागे. एका हाताने उशी, दुसऱ्या हाताने पायजमा.

"बापू!" शेजारच्या वच्छलाबाई ओट्यावरून ओरडल्या, "प्लास्टर कधी काढलं वो?"

बोलले तर आवाजाने पकडले जाणार. म्हणून मी नुसती मान हलवली आणि वेग वाढवला. वच्छलाबाईंनी काळजीने घरी फोन लावला. पुढचा संवाद मला आजोबांनी नंतर (फार वेळा) ऐकवला.

"बापू, तुमी सडकेनं काहून पळून राह्यले?"

"मी तं खाटेवर हावो."

"मंग तुमचा कोट घालून कोण पळून राह्यलं?"

आजोबांनी थोडा विचार केला म्हणे. मग विचारलं, "घोडी पुढं हाय का?"

"हाय."

"मंग ते घरचंच माणूस हाय. पळू द्या."

इकडे उशी सुटून पायात आली आणि मी सोयाबीनच्या कुटारात, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुशाच्या ढिगात, डोक्यासकट गेले. बाहेर आले तेव्हा अंबाडा सुटलेला, नाकाकानात भुसा, आणि समोर मोटरसायकल थांबवून सलीमभाई. "या अल्ला," ते हळूच म्हणाले, "भाभी?"

चमेली थोड्या अंतरावर टोपी चघळत उभी होती. मग मात्र माझा तोल गेला. तिथेच कुटारात बसून मी माझ्या खऱ्या, नववी 'ब' च्या वर्गातल्या आवाजात कडाडले, "चमेली! व्हॉट इज धिस नॉनसेन्स! कम हिअर धिस मिनिट!"

सलीमभाई मोटरसायकलवरून उतरून सरळ उभे राहिले. चमेलीच्या तोंडातून टोपी पडली. ती एकेक पाऊल टाकत आली आणि तिने आपलं ते लांबलचक तोंड माझ्या खांद्यावर टेकवलं. मी रागारागाने कोटाच्या खिशातले हरभरे काढले. "ईट," मी म्हणाले. तिने खाल्ले. सगळे.

सलीमभाई निघताना एवढंच म्हणाले, "भाभी, आता ही तुमच्यापासून हलत नाय." मी अंगावरचा भुसा झटकत राहिले. उगाचच. डोळ्यांत पाणी आलं होतं ते भुशामुळेच.

तेव्हापासून मी गोठ्यात मास्तरीण म्हणूनच जाते आणि चमेली माझ्या शब्दाबाहेर नसते. आजोबांचा पाय बरा झाला. ते पहिल्यांदा गोठ्यात गेले आणि म्हणाले, "काय वो माय?" तर ती त्यांच्याकडे ओळखीचं बघून पुन्हा माझ्याकडे वळली. त्या दिवशी जेवताना ते भाकरीचे नुसते तुकडे करत बसले. कोण जळतंय हे मला बघताक्षणीच कळलं. त्या विषयात माझा अभ्यास आहे. मी त्यांना मुद्दाम दोनदा भाजी वाढली.

पण माझं सुख टिकलं नाही. काल सकाळी गोठ्यातून आवाज आला. दाराआडून पाहिलं तर तुमचे आजोबा, टोपी काढून, चमेलीसमोर उभे होते आणि घसा साफ करून म्हणत होते, "गूड मारनिंग, चमेली. हाव आर यू?"

लग्नापासून मी त्या माणसाला इंग्रजीचं एक वाक्य शिकवायला धडपडले. तो ते शिकला ते तिच्यासाठी.