कोळशाची मोटर आणि माहेरच्या बाभळी

तर मोटर नाल्यात अडकली होती आणि नत्थुजी मागच्या पिंपाजवळ उभा राहून जीव खाऊन पंख्याची मूठ फिरवत होता, इथवर आलो होतो आपण. पण पिंप कसलं, ते काल सांगायचंच राहून गेलं. दिवस लढाईचे. सरकार पेट्रोल मोजूनमापून देऊ लागलं, तशी वामनरावांनी आपल्या रिद्धपूर-अमरावती मोटरीच्या पाठीला लोखंडाचं एक भलंमोठं पिंप बसवून घेतलं. त्यात लाकडाचा कोळसा पेटवायचा, पंख्यानं फुलवायचा, आणि त्यातून निघणाऱ्या गॅसवर मोटर चालायची. चालायची म्हणजे सपाटीवर चालायची. चढ आला की उतारूंनी मुकाट्यानं उतरायचं.

या पिंपाचा कारभारी नत्थुजी. माळी माणूस, शिवेवर एका विहिरीपुरता मळा. भाजी अमरावतीच्या राजापेठेत न्यायची म्हणून मोटरीत बसू लागला आणि हळूहळू मोटरीचाच होऊन गेला. टपावर भाजीच्या टोपल्या, त्यांना खेटून कोळशाची पोती, आणि मागच्या पायरीवर डोक्याला फडकं गुंडाळलेला नत्थुजी. परत येईपर्यंत त्याचे दात तेवढे पांढरे उरत. उतारूंचीही तीच गत. रिद्धपुरात महानुभाव साधूंचे काळे कपडे सगळ्यांच्या सवयीचे. एकदा एका म्हातारीनं मोटरीतून उतरलेल्या किराणा दुकानदाराला भक्तिभावानं दंडवत घातला. त्यानंही तो घेतला बरं का!

हां, तर नाला. पुरुष मोटर ढकलत होते, बाया काठावर उभ्या होत्या, आणि ढकलता ढकलता वाद पेटला. त्या वर्षी कुठंही माणसं जमली की हाच वाद.

"हे मोटर नोय, बकासूर होय बकासूर!" शेषराव म्हणाले. काळ्या रानाचे जुने शेतकरी, मोटरीचे पहिल्यापासूनचे वैरी, आणि तरी दर बाजाराला मोटरीनंच जाणारे. "सडकेचे कडूलिंब खाल्ले, लोकायच्या धुऱ्या-बांधावरच्या बाभयी खाल्ल्या. उद्या वखराले लाकूड कोठून आनू? दुपारी बैल कोठी उभे करू, ह्या पिंपाखाली?"

"अन् माही पोरगी अडली तवा तिले अमरावतीच्या दवाखान्यात कोनं नेलं? तुमच्या बैलायनं?" काठावरून माणिकबाई कडाडली. "नातू खेयून राह्यला आता घरी!"

"नेलं ना, बाई. पन त्या गॅसनं संग बसनाऱ्यायचं डोकं फिरलं, त्याचं काय?"

"तुमचं त मोटर यायच्या आंधीच फिरेल होतं, शेषरावजी!"

सगळे असे हसले की हातातला जोर गेला, आणि अर्धी चढलेली मोटर पुन्हा पाण्यात.

तेव्हा वामनरावांनी निकाल दिला. "कोयसाच कमजोर हाये. कोन्त्याबी झुडपाचा कोयसा असा चढ घेत नाही, बाभयीचाच पायजे. नत्थू, तुह्या विहिरीवरच्या बाभयी मस्त जुन्या झाल्या. कोयश्याच्या भट्टीवाल्याले दे त्या. नाही त मोटर बंद करतो बावा मी."

मोटर बंद! सकाळी पिंपात कोळसा फुलून लाल होई आणि इंजिन पहिला खाकरा काढी, त्या एका आवाजासाठी नत्थुजी रोज कोंबड्याआधी उठत असे. "घ्या ना, मालक," तो बोलून गेला.

आता त्या बाभळींचं ऐका. त्या कोणी लावलेल्या नव्हत्या. नत्थुजीची बायको मैनाबाई नवी नवरी होती, तेव्हा माहेराहून एक शेळी घेऊन आली. शेळी निघण्याआधी तिथल्या बाभळीच्या शेंगा पोटभर खाऊन निघालेली. तिच्या लेंड्या विहिरीच्या धुऱ्यावर पडल्या आणि पावसाळ्यात तिथं बाभळी उगवल्या. शेळी गेली, माहेरचीही माणसं एकेक करून गेली, बाभळी राहिल्या. त्यांच्याखाली बसून मैनाबाई मेथीच्या जुड्या बांधायची आणि म्हणायची, "मी माहेरी बसून आली."

गॅसनं नत्थुजीचं डोकं रोजच ठणकायचं. मोटर कशीबशी नाल्याबाहेर निघाली; त्या दिवशीही सांजेला मैनाबाई त्याचं कपाळ चेपत होती, तेव्हा त्यानं भट्टीवाल्याचं सांगितलं. तिचे हात थांबले. मग पुन्हा चेपू लागले. भांडली असती तर नत्थुजीला झोप तरी लागली असती.

सकाळी टोपली डोक्यावर घेऊन ती त्याच्यामागं मोटरीपर्यंत आली. एरवी कधी येत नसे. नत्थुजी टपावर चढला, टोपल्या रचल्या, आणि तांब्या घेऊन त्यांच्यावर पाणी शिंपडू लागला. पाणी मारल्याशिवाय माळ्याची भाजी गाव सोडत नाही. हात मेथीवरून कोथिंबिरीवर गेला, कोथिंबिरीवरून वांग्यांवर, आणि त्याच लयीत कोळशाच्या पोत्यांवर.

"अवो," खालून मैनाबाई म्हणाली, "भाजीवर मारता ते समजलं. कोयश्यावर काहून पानी मारून राह्यले?"

"टवटवीत राह्यते," नत्थुजी म्हणाला.

ड्रायव्हर चंद्रभाननं कपाळावर हात मारून घेतला. "अरे बाप्पा! रोज ओला कोयसा खाऊ घालून राह्यला तू गाडीले, अन् मी तिच्या मायबापाले शिव्या देऊन राह्यलो!"

मग काय हशा पिकला! वामनराव तर चाकाला धरून खाली बसले. नत्थुजी टपावर तांब्या धरून उभा, तोंड असं की कुठं लपवू. पण हसणं ओसरल्यावर वामनराव डोळे पुसत उठले आणि म्हणाले, "नाल्याचं समजलं. पन सुका कोयसाबी झाडाचाच होते ना? जवयचं सारं संपलं. भट्टीवाला आज येऊन राह्यला. बाभयी त लागतीनच, नाही त मोटर उभी."

आता कोणी हसेना. आजही मोटरीला आलेले शेषराव पुढं झाले आणि वर पाहून, एरवी ते कधी बोलत नसत इतक्या हळू आवाजात म्हणाले, "नत्थू, काल नाल्यात तू हो म्हनला. घरी इचारलं होतं का? आता सांग बाप्पा, तुले मोटर पायजे का बाभयी?"

नत्थुजी खाली उतरला. पिंपात निखारा नुकताच धरू लागला होता. त्याच्यावर त्यानं सवयीनं हात शेकला. मैनाबाई पदराचं टोक दातात धरून उगाच टोपलीचं फडकं नीट करत होती, त्याच्याकडं बघत नव्हती. नत्थुजीनं तिच्याकडं पाहिलं आणि वामनरावांना म्हणाला:

"बाभयी राहू द्या, मालक. मोटर उभी राह्यली त मले करमनार नाही, चार दिवस जेवनबी गोड लागनार नाही, हे खरं हाये. पन सांजेले मोटर तुमच्या घरी जाते, अन् मले इच्या घरी जा लागते."