मास्तर, टायर आणि तिसऱ्यांदा पडण्याची अट

शिवणकामात तीस वर्षं काढली की माणसाला लोक आपोआप मास्तर म्हणू लागतात; त्यासाठी परीक्षा द्यावी लागत नाही. या मास्तरांनी आयुष्यात दोन गोष्टी निष्ठेने केल्या. एक, कुठलीही सुरकुती सहन केली नाही. दुसरी, चाळिशी उलटल्यावर बारीक टायरांची, खाली वळलेल्या हँडलची शर्यतीची सायकल घेतली आणि एकाही शर्यतीत भाग घेतला नाही. दर रविवारी सकाळी मेहुण्याबरोबर नदीच्या पुलापर्यंत जाऊन यायचं, एवढाच त्यांचा पराक्रम.

वाटेत वाचनालयासमोरचा उतार लागे. गुळगुळीत दगडी फरश्या आणि तळाशी काटकोनातलं वळण. कोरडा असेपर्यंत हा रस्ता अगदी सज्जन. ओला झाला की त्याचं खरं रूप बाहेर पडे. मास्तर तिथे दोनदा आडवे झाले होते. पहिल्या वेळी कोपर सोलवटलं, ते लपवता आलं नाही. दुसऱ्या वेळी गुडघ्यावर पँट फाटली. ती त्यांनी दुकानात इतकी बेमालूम रफू केली की फाटली होती हे पँटलाही आठवलं नसतं. पण स्वतःच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण वर्षभर न लावणारा नवरा भरदुपारी स्वतःची पँट घेऊन बसलाय, यातच बायकोला सगळं कळलं.

"तिसऱ्यांदा पडलात की सायकल धाकट्याला," ती म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ, तोच रविवारचा मेहुणा. मास्तरांपेक्षा चार बोटं उंच. ही अट कानावर गेल्यापासून त्याच्या काळजीला नुसतं उधाण आलं होतं.

"दाजी, टायर कसा पाहिजे? हवा ठासून, दगडासारखा टणक. आणि नक्षी खोल," तो सांगे. सल्ला प्रामाणिक होता. स्वतःची सायकलही तो तशीच चालवी. फक्त सल्ला देताना त्याचा हात मास्तरांच्या सीटवर असे आणि ती किती वर घ्यावी लागेल याचा हिशेब डोळ्यांत.

आठवडाभर पावसाची रिपरिप चालू होती. रविवार टाळावा, तर सायकल आणि खुंटीवरचा कोट यांत फरक काय राहिला? गुरुवारी मास्तर सायकलच्या दुकानात गेले. दुकान एका बाई चालवत. त्यांच्या पँटी मास्तरांकडेच शिवल्या जात.

"सगळ्यात खोल नक्षीचे दाखवा," मास्तर म्हणाले.

"नक्षीचं काय घेऊन बसलात? एवढ्या बारीक टायरखाली पाणी साठतंय कुठे? ओल्या फरशीवर पकड धरतं ते रबर. हात लावून बघा."

हात लावून बघणं म्हणजे मास्तरांचा प्रांत. त्यांनी डोळे मिटले आणि एकेक टायर अंगठा नि बोटात धरून कापडासारखा चोळला. सहाव्यावर थांबले. "हा मऊ आहे. पण तुकतुकीत... यावर काहीच नाही."

"तोच घ्या. लवकर झिजेल, पण धरून ठेवेल. आणि पंचविसाऐवजी अठ्ठावीस मिलिमीटरचा, तुमच्या सायकलला बसतो. हवा मात्र कमी भरा."

मास्तरांनी मान डोलावली, घरी आले, टायर चढवले आणि पंप घेऊन हवा अशी ठासून भरली की टायर टिचकीला वाजू लागला. सैल म्हणजे गबाळं, ही तीस वर्षांची सवय. शनिवारी ओल्या अंगणात एक फेरी मारली. मागचं चाक हळूच सरकलं. पडले नाहीत, पण स्वयंपाकघराच्या खिडकीत पडदा हलला.

ते सायकल घेऊन आपल्या शिवणाच्या दुकानात जाऊन बसले. मग काय सुचलं कुणास ठाऊक, कापडावर खुणा करायचा खडू टायरला फासला, काळ्या कापडाचा तुकडा जमिनीवर अंथरला, भिंतीला खांदा टेकून सायकलवर बसले आणि उतरून टेप लावली. खडूचा ठसा उमटला होता जेमतेम बोटाच्या पेराएवढा. एवढ्याशा तुकड्यावर आपण वळणावर भरवसा ठेवत होतो, हे पाहून त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. थोडी हवा सोडली. ठसा वाढला. आणखी थोडी सोडली. आता रुंद, भरदार, खजुराएवढा. 'ताणून शिवलं की बसताना उसवतं, ढील ठेवा' हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवणाऱ्या मास्तरांवर तीस वर्षांत स्वतः गिऱ्हाईक व्हायची वेळच आली नव्हती.

रविवारी झिमझिम होती. बायको छत्री घेऊन उताराच्या तळाशी आधीच उभी.

"तू कशाला आलीस भिजायला?"

"निकाल इथेच लागतो ना."

मेहुणा आला तो खिशात पाना घेऊन. "सीट सैलबिल झाली तर असू दे म्हटलं," त्याने न विचारता सांगितलं.

मास्तर निघाले. फरश्या आरशासारख्या चमकत होत्या. वळण आलं, सायकल कलली. टायरखालचा तो खजूर त्यांना जवळजवळ दिसत होता. चाकाने दगड धरला, सोडला नाही, आणि मास्तर बायकोसमोरून इतक्या संथपणे गेले, की त्यांना रिक्षातल्या प्रवाशासारखी मान लववायलाही वेळ मिळाला.

मागून मेहुणा आला. त्याचे दगडासारखे टायर फरशीला लागताच पाहुण्यासारखे परके झाले. एक पाय टेकत, लंगडी घालत तो थेट दिव्याच्या खांबापर्यंत गेला आणि जुना मित्र भेटल्यासारखी त्याला मिठी मारली. खिशातला पाना खणकन खाली पडला.

बायकोने पाना उचलून स्वतःच्या पिशवीत टाकला. सायकलचा निकाल लागला होता.

मास्तर वळून परत आले. जिंकलेला माणूस उदार होतो. "माझे जुने टायर पडलेत घरी," ते मेहुण्याला म्हणाले. "फारसे झिजलेले नाहीत. घेऊन जा."

"नको," बायको म्हणाली. "मला एकच भाऊ आहे."